सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीतल्या मॅडमना

नमस्कार मॅडम,

माझा चेहरा तुम्हाला आठवणार नाही, पोट कदाचित आठवेल. गेल्या वर्षी चार ग्लास पाणी पिऊन, लघवी दाबून धरत, चिडचिड करतच तुमच्या टेबलावर आडवी झाले होते. तुम्ही गार जेल लावलंत, यंत्र फिरवत ओटीपोटावर आणलंत आणि तिथेच थांबलात. पडद्यावरची नजर न काढता विचारलंत, "पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

चार महिने दुखत होतं आणि हा प्रश्न मला तोवर एकानेही विचारला नव्हता. दुसरीकडे केलेल्या पहिल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ओटीपोटात थोडं पाणी, नैसर्गिक' एवढीच ओळ होती. नैसर्गिक म्हटल्यावर कोण कशाला खोलात जातंय? ज्या डॉक्टरांना तो रिपोर्ट दाखवला त्यांनी आतड्यांची कुरबुर, गॅस, 'या वयात व्हायचंच' असं सांगून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांबरोबर मी 'या वयात' हे शब्दही निमूट गिळले. खरं तर पन्नाशीनंतर अशी कुरबुर आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झाली, तर आधी अंडाशय तपासून घ्यायचे असतात. हे मला फार उशिरा कळलं, आणि त्याचा राग अजून पूर्ण गेलेला नाही. चूक माझीही होती म्हणा. दोन घास खाल्ले की पोट भरत होतं, संध्याकाळी अंग कोमट लागत होतं, हातपाय वाळत होते आणि कमरेचे कपडे मात्र घट्ट होत होते. मी वजन उतरतंय म्हणून खूश होते!

"पाच वर्षं झाली, सहावं चालू आहे," मी म्हटलं. तुम्ही क्षणभर गप्प राहिलात. मग म्हणालात, "मग हे पाणी इथे का आहे ते शोधावं लागेल. लघवीला जाऊन या, आतून बघते." चार ग्लास पाणी फुकट गेलं, पण इतकं बरं मला चार महिन्यांत वाटलं नव्हतं.

आतून तपासताना तुम्ही बोलत राहिलात, बहुधा माझी भीती जावी म्हणून. पाळी चालू असते तेव्हा अंड्याची पिशवी फुटून अंडं बाहेर पडताना थोडं पाणी सांडतं आणि आपोआप जिरतं. पाळी गेली की ते कारण उरत नाही. चमचाभर पाणी एखाद्या धडधाकट बाईतही दिसतं, पण माझं चमचाभर नव्हतं आणि सोबत दुखणंही होतं. गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधली ती खोबण म्हणजे आतली सगळ्यात सखल जागा. यकृत बिघडू दे, हृदय थकू दे, रक्तातली प्रथिनं घटू देत, आतड्याला सूज येऊ दे की अंडाशयात गाठ होऊ दे, पाणी उतरून येतं तिथेच. छत गळतं एकीकडे आणि ओल दिसते भलत्याच भिंतीवर, तसं. त्या खोबणीला जेम्स डग्लस नावाच्या अठराव्या शतकातल्या स्कॉटिश डॉक्टरांचं नाव आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. बाईच्या पोटातल्या कोपऱ्यावर पुरुषाच्या नावाची पाटी! त्या अवस्थेतही मला हसू आलं.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. आठवड्याने सीए-125 चा, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय आला की करतात त्या रक्ततपासणीचा, आकडा आला, 412. पस्तीसच्या आत हवा होता. घरी कुणी मोठ्याने बोलेना. अपॉइंटमेंट नसताना मी तुमच्या दारात येऊन उभी राहिले. दोन पेशंटच्या मधल्या वेळात, उभ्या उभ्या, तुम्ही तो कागद वाचलात. म्हणालात, "पोटाच्या अस्तराला कशानेही त्रास झाला तरी हा आकडा चढतो. क्षयाने चढतो, यकृताच्या आजाराने चढतो. आणि कॅन्सर असून हा नॉर्मल आलेलाही असतो. तुमचे दोन्ही अंडाशय मी पाहिलेत. पाळी गेल्यावर असतात तसे लहान आहेत. पण पाण्यात बारीक जाळी दिसतेय, अस्तर जाड आहे. कॅन्सर नाहीच असं मी म्हणत नाही. पाणी काढून तपासू द्या." आणि माझ्यासमोरच फोन उचलून माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोललात.

'काही नसेल हो' म्हणणारे तोवर खूप भेटले होते. तुम्ही माझी खोटी समजूत काढली नाहीत, म्हणून त्या रात्री मला झोप लागली.

पुढचं तुम्हाला रिपोर्टवरून कळलं असेल. पाण्यात कॅन्सरच्या पेशी नव्हत्या, एडीए नावाचं, क्षयात वाढणारं एन्झाइम वाढलेलं होतं. जंतू सापडले नाहीत, ते पाण्यात सहसा सापडतच नाहीत म्हणे. मग दुर्बिणीतून बघितलं तर अस्तरभर बारीक पांढरे दाणे. त्यातला तुकडा तपासायला गेला आणि उत्तर आलं, पोटाच्या अस्तराचा क्षय. फुप्फुसाबाहेरही क्षय होतो हे ऐकून होते, पण खोकला नाही की काही नाही, तो माझ्याच पोटात असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. सहा महिने गोळ्या घेतल्या. लघवी केशरी व्हायची, पहिल्या दिवशी घाबरून नवऱ्याला हाक मारली. महिन्याभरात दुखणं ओसरलं आणि पोटभर जेवायला लागले.

गेल्या आठवड्यात शेवटची सोनोग्राफी झाली. तुम्ही रजेवर होतात, म्हणून आभार तोंडी मानायचे राहिले. पाणी नाही, असं दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. आत जाण्याआधी नेहमीचा फॉर्म भरायला दिला, त्यावर नाव, वय आणि तक्रार एवढेच रकाने होते. वयापुढे थोडी जागा होती, तिथे मी पेनाने लिहिलं: पाळी जाऊन सहा वर्षं.

तुमची,
त्या दिवशी अपॉइंटमेंटशिवाय आलेली पेशंट