‘ऑटोमॅटिक बिघडली’ म्हणजे नेमके काय बिघडले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत, अगदी वाहनविषयक पुरवण्यांतही, ‘ऑटोमॅटिक’ एवढाच शब्द छापला जातो. या एका शब्दाखाली आज आपल्या रस्त्यांवर चार वेगवेगळे गिअरबॉक्स धावतात : एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि डीसीटी. चौघांची रचना वेगळी, तेल वेगळे, दुखणीही वेगळी. आपल्या गाडीत यांपैकी कोणता आहे हेच मालकाला ठाऊक नसते. तो ‘गाडी झटके मारते’ म्हणतो, गॅरेजवाला ‘गिअरबॉक्स बदलावा लागेल’ म्हणतो, आणि काही हजारांत मिटणारे काम लाखावर जाते. हे थांबायला हवे, म्हणून हे पत्र.

२०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे रुळलेली एएमटी हा खरे तर साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच प्लेट तीच, गिअरही तेच. फक्त पायाचे आणि हाताचे काम विजेवर चालणारा अ‍ॅक्च्युएटर करतो. त्यामुळे पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना बसणारा हलका हिसका हा तिचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. गाडी उचलताना थरथरणे, जळका वास, आरपीएम चढूनही वेग न वाढणे किंवा चालता चालता आपोआप न्यूट्रल होणे ही खरी लक्षणे. अशा वेळी आधी बॅटरी तपासावी. ती कमजोर असली तर अ‍ॅक्च्युएटरला पुरेशी वीज मिळत नाही आणि गिअर पडत नाही. बॅटरी ठीक असेल तर अ‍ॅक्च्युएटरच्या छोट्या टाकीतले तेल पाहावे, क्लच प्लेटचा विचार त्यानंतर. प्लेट बदलली तर ती नेमकी कुठे पकडते हे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायचे तपासणी यंत्र) लावून कॉम्प्युटरला नव्याने शिकवावे लागते. ही पायरी गाळली की नवी प्लेटही थरथरते, आणि दोष पुन्हा गिअरबॉक्सच्या माथी येतो. खंबाटकी किंवा कशेडी घाटात वाहतूक तुंबली की अनेक जण अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी चढावाला धरून ठेवतात. एएमटीची प्लेट यानेच जळते. तिथे ब्रेक किंवा हँडब्रेकच हवा.

टॉर्क कन्व्हर्टरची गोष्ट निराळी. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनाला जोडलेला पंप तेल फेकतो, त्याने टर्बाइन फिरते, आणि मधला स्टेटर परतणारे तेल योग्य दिशेला वळवतो. त्यामुळे गाडी उचलताना टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, जवळजवळ दुप्पट होतो. वेग आला की लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो. पुढचे गिअर ग्रहमालेसारखे असतात : मध्ये सूर्य, भोवती ग्रह, बाहेर दातेरी कडे. यातले काय धरायचे आणि काय सोडायचे हे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या प्लेटा ठरवतात. म्हणजे जोर पोहोचवणारे तेल, दाब देणारे तेल आणि गारवा देणारेही तेलच. म्हणून तपासणी तेलापासूनच सुरू व्हावी.

डिपस्टिक (तेलाची पातळी पाहायची पट्टी) असेल तर पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून सपाट जागी उभी करावी, इंजिन चालूच ठेवावे, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खुणेवर नेऊन पी वर आणावा (काही कंपन्या एन सांगतात) आणि मग पातळी पाहावी. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकावा. लाल तेल पारदर्शक असेल तर ठीक. काळपट तपकिरी आणि करपलेल्या वासाचे असेल तर प्लेटा झिजल्या आहेत. रोझ मिल्कसारखे दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे : रेडिएटरमधल्या कूलरच्या गळतीतून, किंवा तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून. असे तेल दिसले तर गाडी सुरूच करू नये. पाण्याने प्लेटांवरचे अस्तर सुटते. डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत कंपनीने ठरवलेल्या तापमानाला, प्लग उघडून पातळी पाहतात. हा आकडा न पाहता अंदाजाने तेल भरले तर कमी पडते, नाहीतर जास्त होऊन फेसाळते, आणि फेसाळलेल्या तेलाला दाब धरता येत नाही.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत कधीकधी साठ ते ऐंशीच्या वेगात, हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर, रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर होते. याला बहुतेक वेळा इंजिनाचा मिसफायर (इंधन नीट न पेटणे) समजून स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बदलले जातात. मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नसताना, वेग तोच ठेवून ब्रेक पेडलला निसटता स्पर्श करावा. त्याने लॉक-अप सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली तर दोष लॉक-अपकडे आहे. अनेकदा योग्य प्रतीचे नवे तेल घालूनच ती जाते.

स्कॅनरवर पी०७०० हा दोषाचा कोड दिसला म्हणून गिअरबॉक्स गेला असे होत नाही. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने काहीतरी नोंदवले आहे, एवढाच त्याचा अर्थ. खरा कोड त्याच्या मागे असतो : ०७१५ आला तर इनपुट स्पीड सेन्सर किंवा त्याचे वायरिंग, ०७२० आउटपुट सेन्सरकडे, ०७४१ लॉक-अप न धरण्याकडे बोट दाखवतो. साधे स्कॅनर पी०७०० वरच थांबतात, आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकली की मालक घाबरून गिअरबॉक्स बदलायला हो म्हणतो.

सीव्हीटीत गिअरच नसतात. दोन पुलींमधून पोलादी पट्टा फिरतो. त्यात साधे एटीएफ (टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सचे तेल) घातले तर पट्टा घसरून पुली ओरबाडली जाते. डीसीटीत दोन क्लच असतात. ते कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले, असतील तर त्यांचा शत्रू म्हणजे इंचाइंचाने सरकणारी वाहतूक. पुढे थोडी जागा होऊ द्यावी आणि मगच गाडी हलवावी.

‘तेल आयुष्यभराचे आहे’ यावर विसंबू नये. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षे यांपैकी आधी जे होईल तेव्हा तेल बदलायला सांगते. तळाचा प्लग उघडल्यावर निम्म्याच्या आसपासच तेल बाहेर येते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते, हेही लक्षात असावे.

गिअरबॉक्स उतरवायला संमती देण्यापूर्वी मालकाने तीन गोष्टी लेखी मागाव्यात : सर्व कोडचे क्रमांक, तेलाची स्थिती आणि टॉर्क कन्व्हर्टर असेल तर तेलाच्या दाबाचे रीडिंग. आणि गाडी गॅरेजला न्यायची तर इंजिनाचा जोर ज्या चाकांना जातो ती (बहुतेक मोटारींत पुढची) जमिनीवर ठेवून ओढू नये. इंजिन बंद असले की तेलपंपही बंद असतो, आणि आतले भाग कोरडे घासतात. फ्लॅटबेडच, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक, मागवावा.

आपला,
गिअरबॉक्स दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, पुणे