पटावर नेमके कोण?

आभासी म्हणजे पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या शाळांचा पट छोटा असल्यावर बोट ठेवणारा आपला लेख वाचला. दिल्ली सरकारने ३१ ऑगस्ट २०२२ रोजी नववी ते बारावीसाठी अशी शाळा सुरू केली, तेव्हा ‘देशातली पहिली’ कोणाची यावरच वाद रंगला. पटावर कोण आहे, हे मात्र कोणी विचारले नाही. साध्या शाळेला यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीवर मुली, सामाजिक प्रवर्ग, दिव्यांग असे रकाने भरावेच लागतात. आभासी शाळांचाही तसा तपशील लेखात हवा होता. आमच्या शेजारची मुलगी सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसते आहे. आई धुणीभांडी उरकून रात्री आठला परतते, तेव्हा कुठे मोबाइल या मुलीच्या हाती येतो. सकाळी दहाचा ऑनलाइन वर्ग तिच्या काय कामाचा?

– एक वाचक, नाशिक