डायलिसिसची एकही फेरी चुकू नये म्हणून

सप्रेम नमस्कार,

तालुक्यातल्या डायलिसिसच्या, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाल्यानं यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागणाऱ्या रुग्णांसाठी ने-आण करणारी गाडी सुरू करायचं आपल्या ज्येष्ठ नागरिक संघानं ठरवलं आहे. त्यासाठी तुमची मदत हवी आहे.

‘डायलिसिस तर योजनेतून मोफत होतं, मग वर्गणी कशाला?’ हा प्रश्न बैठकीतही निघाला, आणि तो रास्तच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचा खर्च सुटतो, एसटीतही सवलत मिळते. पण एसटी फाट्यावर थांबते, वाडीत येत नाही. चार तास यंत्रावर काढून रक्तदाब उतरलेल्या, पायात गोळे आलेल्या माणसानं आठवड्यातून तीनदा घर कसं गाठायचं? सोबतच्याची मजुरी बुडते ती वेगळीच. मग ‘सोमवारचं राहू दे, बुधवारी बघू’ असं होतं.

याचा फटका हृदयाला बसतो. लघवीवाटे जे पाणी जायला हवं ते अंगात साठतं, फुप्फुसात उतरतं, रात्री आडवं होता येत नाही. मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा पोटॅशियम हा क्षार रक्तात वाढला तर हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी थांबतातही. शुक्रवारनंतर थेट सोमवारी डायलिसिस असतं, हा मोठा खंड मुळातच धोक्याचा. त्यात सोमवार चुकवणं म्हणजे जिवाशी खेळ. डायलिसिसवरच्या रुग्णांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण हृदयविकारच आहे.

आपण बायपासवाल्यांनीही हे ऐकावं. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. हृदय दुबळं झालं की तो कमी होतो, मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात आणि हृदयावरचा भार आणखी वाढतो. तेव्हा बीपी-शुगरवाल्यांनी वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं) आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यावं. गुडघेदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नयेत, त्यांनी मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

सध्या हवी आहे एक चालू स्थितीतली गाडी, डिझेलसाठी रोख रक्कम आणि आठवड्यातला एक दिवस देऊ शकतील असे परवानाधारक चालक. घरी ठेवायला वजनकाटेही द्या. दोन डायलिसिसच्या मधे वाढलेलं वजन म्हणजे मुख्यतः साठलेलं पाणीच असतं. एका फेरीचं डिझेल दिलंत तरी आनंदच आहे. संघाच्या कार्यालयात सायंकाळी ५ ते ७ या वेळात यावं, पावती मागून घ्यावी.

आणि रुग्णाला भेटायला जाताना शहाळी, केळी नेऊ नका. त्यातलं पोटॅशियम त्याला सोसत नाही. तेच पैसे डिझेलला द्या.