ती फाइल काढलीस का?

सेलू, रविवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला. तू फोन ठेवून दिलास ते बरंच केलंस. आजी तेव्हापासून माझ्याशी बोलंना. या पत्रात आधारचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

पण माय, अख्खं आधार झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर? तू ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलंस तरी त्यानं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेली फाइल तिथंच राहते. पासवर्ड आहे म्हणालीस. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली 4 इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. दोन्ही तुझ्या वाढदिवसाच्या फोटोखाली तूच लिहिलंयस! समोर उभं राहून फाइल काढून टाकायला लाव, रिसायकल बिनमधूनसुद्धा.

खोलीमालकाला भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यावी लागते, त्याचं काही चुकत नाही. त्याला मास्क्ड आधार दे. आधारच्या मायआधार साइटवर ओटीपी टाकून शिरायचं, डाउनलोड करताना मास्क्डवर टिक करायची. 12 पैकी शेवटचे 4 आकडेच दिसतात. प्रिंटवर ‘फक्त खोलीभाड्यासाठी’ आणि तारीख लिही. कोपऱ्यात नको, तेवढा भाग झाकून परत झेरॉक्स निघते. फोटोवरून आडवं जाऊ दे.

मायआधारवरच बायोमेट्रिक लॉक, म्हणजे ठशांना कुलूप, आहे, ते आजच कर. अंगठ्यानं पैसे काढायच्या मशीनला ओटीपी लागत नाही. आधार नंबर, बँकेचं नाव अन् ठसा, झालं. ठसा तर खरेदीखतावर असतोच. 22 गुंठ्यांच्या कागदावर तुझाही आहे, मधल्या काकांच्या हट्टापायी. आजीचं मात्र लॉक करायचं नाही, रेशनला अंगठा अडेल. तुला लागलं तर घटकाभर उघडता येतं.

पंधरा वर्षांची झाल्यावर आधारसाठी तुझे ठसे पुन्हा दिले, ते दिवस वेचणीचे. बोंडांच्या काट्यांनी बोटं इतकी चिरली होती की मशीन तीनदा घेईना. तू ओढणीला बोटं पुसलीस, चौथ्यांदा ठेवलीस अन् ऑपरेटरलाच म्हणालीस, “आता घेईल बघा.” घेतलं की! तुझी आई आठ दिवस ज्याला त्याला तेच सांगत होती.

भाषण झालं परत. चुकलं माझं. तू कमावती आहेस, तुला कळतं.

सरकारच्या संचार साथी साइटवर नंबर अन् ओटीपी टाकलास की तुझ्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. अनोळखी निघालं तर तिथंच ‘माझा नंबर नाही’ म्हणून कळव. पैसे गेलेच तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरला फोन, रडणं मग. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

ठेचा अन् ज्वारीचं पीठ ट्रॅव्हल्सनं पाठवतोय.

तुझे
अण्णा

ता. क. डब्यावरच्या चिठ्ठीत तुझं नाव, नंबर, पत्ता आहे. टाकायच्या आधी फाड. आणि ती फाइल काढलीस का, तेवढं आजीच्या फोनवर कळव.