न कळवता दांडी, भुर्दंड सोबत्यांना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संध्याकाळी सामान उशिरा आलं की बडोदेकर कंपनीला बोल लावतात आणि दारात आलेल्या रायडरवर डाफरतात. उशीर का झाला, हे सहसा कुणी विचारत नाही. पुष्कळदा कारण एवढंच असतं, की त्या वेळेचा स्लॉट, म्हणजे अ‍ॅपवर नोंदवायची कामाची पाळी, ज्या रायडरांनी आधीच घेऊन ठेवला होता ते आलेच नाहीत आणि त्यांनी कळवलंही नाही. गोत्री भागात घरपोच किराणा पुरवणाऱ्या एका गोदामात मी संध्याकाळची पाळी सांभाळतो, म्हणून हे लिहितो आहे.

सात वाजले की ऑर्डरींचा लोंढा सुरू होतो. पाच जणांनी स्लॉट घेतलेला असतो, म्हणून सहाव्याला अ‍ॅप 'स्लॉट फुल' दाखवतं. प्रत्यक्षात येतात तिघं. भरलेल्या पिशव्या रॅकवर साचत जातात, दुधाच्या पिशव्यांना पाणी सुटतं, आइस्क्रीम पुन्हा फ्रीझरमध्ये टाकावं लागतं. आलेली तिघं भायली, वासणा रोड, पुन्हा भायली अशा खेपा मारत राहतात, पाणी प्यायलाही थांबत नाहीत. एवढं करून उशिराबद्दलचा एक स्टार पडतो तो त्यांच्याच नावावर. जो आला नाही त्याचं रेटिंग जसंच्या तसं. आणि तो सहावा, फीचे पैसे जमवणारा एखादा कॉलेजचा मुलगा, काम हवं असताना खोलीवर बसून राहतो. कंपनीचं व्हायचं ते नुकसान कंपनीला पेलतं, या पोरांना पेलत नाही. याचाच मला राग येतो.

'आम्ही काही नोकर नाही, मनात आलं तर येऊ,' असं मुलं म्हणतात. ते खोटं नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिताही गिग कामगाराला, म्हणजे रायडरांसारखं सुटं काम घेणाऱ्याला, मालक-नोकराच्या रूढ नात्याबाहेरचाच मानते. त्यांना पगारी रजा नाही, आजारपणाचे पैसे नाहीत, मग हजेरीची सक्ती कुठल्या तोंडाने करायची? पण स्लॉट न घेणं वेगळं आणि घेऊन गायब होणं वेगळं. 25 आणि 31 डिसेंबर 2025 ला गिग कामगारांनी संप पुकारला तो तारखा आधी जाहीर करून. तो त्यांचा हक्क होता, असंच मी मानतो.

मुलं कळवत का नाहीत, हे मी त्यांनाच विचारलं. उत्तर सरळ होतं. ठरलेली मुदत टळल्यावर स्लॉट रद्द केला तरी इन्सेंटिव्ह जातो आणि न सांगता घरी राहिलं तरी तेवढाच जातो. मग कळवून फायदा काय? आईला ऐन वेळी दवाखान्यात न्यावं लागलेला मुलगा आणि उत्तरायणात गच्चीवर पतंग उडवत बसलेला मुलगा, दोघांच्या खात्यावर एकच शेरा पडतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, लोकांच्या दुचाक्या बुडाल्या, त्या दिवसांतल्या गैरहजेऱ्याही अशाच लागलेल्या मी पाहिल्या आहेत. मुलांनी खुलासा द्यायचा तर कुणाला? अ‍ॅपवर ठरावीक साच्यातलं उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो.

म्हणून दोष एकट्या मुलांवर ढकलायला मी तयार नाही. पाळी सुरू व्हायच्या अर्धा तास आधीपर्यंत कळवलं तर एक पैसाही कापू नये आणि रिकामा झालेला स्लॉट त्याच क्षणी दुसऱ्यांना दिसावा. एवढं केलं तरी निम्मा प्रश्न सुटेल, असं मी रोजच्या अनुभवावरून सांगतो. अर्ध्या तासात बदली माणूस मिळतो. पाळी सुरू झाल्यावर मात्र मिळत नाही. त्यानंतरही जो वारंवार न सांगता दांडी मारेल, त्याचे स्लॉट जरूर कमी करा, पण आधी त्याचं म्हणणं एखाद्या माणसाने ऐकून घ्यावं.

या कामगारांसाठी देशात पहिला कायदा राजस्थानने 2023 मध्ये केला. कर्नाटकच्या 2025 च्या कायद्यात तर कामावरून काढण्यापूर्वी लेखी कारण आणि 14 दिवसांची नोटीस देण्याची तरतूद आहे. गुजरातच्या कामगार खात्याने स्लॉट रद्द करण्याचे नियम आणि गैरहजेरीची सुनावणी हे दोन मुद्दे हाती घ्यावेत आणि त्यासाठी कंपन्यांच्या जोडीने रायडरांनाही चर्चेला बोलवावं, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत करतो. माझ्या पाळीतली मुलं बोलायला तयार आहेत.

आपला,
एक पाळी पर्यवेक्षक
दांडिया बाजार, बडोदे