तंबूबाहेर ऐकलेला ‘शोले’ आणि पडद्यावर न आलेली नावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : चित्रपट-परीक्षणांत पार्श्वसंगीताची आणि ते वाजवणाऱ्यांची दखल घेण्याबाबत

आपल्या वृत्तपत्रात दर आठवड्याला येणारी चित्रपट-परीक्षणे मी अनेक वर्षे नेमाने वाचत आलो आहे. कथा, अभिनय, दिग्दर्शन, छायाचित्रण आणि गाणी यांविषयी त्यांत सविस्तर लिहिलेले असते, आणि मग शेवटच्या परिच्छेदात कुठेतरी ‘पार्श्वसंगीत प्रसंगांना साजेसे आहे’ असे एक वाक्य येते. हे वाक्य मी इतक्या परीक्षणांत वाचले आहे की चित्रपट बदलला तरी ते बदलत नाही, असे वाटू लागले आहे. त्या एका वाक्याविषयी मला काही म्हणायचे आहे.

मी ‘शोले’ आधी ऐकला आणि पुष्कळ वर्षांनी पाहिला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबू थिएटरे लागत. तिकिटाचे पैसे नसलेली आम्ही पोरे थंडीत घोंगडी पांघरून कनातीला टेकून बसायचो. पडदा दिसत नसे, पण कर्ण्यातून येणारा प्रत्येक आवाज स्पष्ट ऐकू येई. संवाद आम्हांला आधीच पाठ होते, कारण गावोगावच्या लग्नांत आणि चहाच्या टपऱ्यांवर त्यांची तबकडी वाजत असे. जे पाठ नव्हते आणि त्या रात्री प्रथमच कानांवर पडले, ते दोन संवादांच्या मधले होते. एका ठिकाणी कोणीही बोलत नव्हते, फक्त माऊथ ऑर्गन वाजत होता, आणि तो ऐकताना आमच्यातला सर्वांत दांडगा मुलगासुद्धा गप्प झाला. दुसऱ्या एका ठिकाणी गोळ्यांचे आवाज थांबले आणि मागे काहीतरी कुरकुरत राहिले. मला तो विहिरीवरचा रहाट वाटला. घरी परतताना मी सगळ्यांना सांगितले की, त्या गावात माणसे मेली तरी कोणीतरी पाणी शेंदत होते.

पुढे नोकरीला लागल्यावर साताऱ्याच्या थिएटरात तो चित्रपट पाहिला, तेव्हा कळले की तो रहाट नव्हता. ठाकूरच्या अंगणातला तो रिकामा झोका होता. ज्यांनी त्यावर बसायचे ती माणसे पांढऱ्या चादरींखाली निजलेली होती. इतकी वर्षे मनात रुतून बसलेल्या आवाजाचा अर्थ त्या क्षणी उलगडला आणि मला खुर्चीत बसवेना. माऊथ ऑर्गनचेही तसेच झाले. जय पायरीवर बसून वाजवतो आहे, समोरच्या माडीवर विधवा राधा एकेक कंदील मालवत जाते आहे, आणि दोघेही एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. त्या दोघांमध्ये जे काही आहे ते ती दोघे एकमेकांपुढे स्पष्ट शब्दांत मांडत नाहीत, मांडते ती धून. कनातीबाहेर बसलेल्या, प्रेम म्हणजे काय हे न कळणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या पोरांनाही ती पोचली होती.

त्या रात्री माझ्या चुलतभावाने विचारले होते, ‘बाजा कोण वाजवतंय?’ आणि आम्ही एकमुखाने उत्तर दिले होते, ‘अमिताभ!’ तो वाजवणारा हात भानू गुप्ता यांचा होता, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर समजले. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात ते गिटार आणि माऊथ ऑर्गन वाजवत. झोक्याची कुरकुर, वारा आणि शांतता यांतले कोणते किती उंच ठेवायचे, हे परळच्या राजकमल कलामंदिरात ध्वनिसंमिश्रणाच्या टेबलावर ठरले, आणि ते काम करणारे मंगेश देसाई हे आपल्यातलेच होते. १९७५ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटातील संवाद आजही ज्यांच्या तोंडी आहेत, त्यांपैकी किती जणांना ही दोन नावे ठाऊक असतील?

गाण्याच्या बाबतीत असे होत नाही. विविध भारतीवर गाणे लागले की गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे आदराने सांगितली जातात, आणि आपण ती पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवली आहेत. पार्श्वसंगीताला शब्द नसतात, मुखडा नसतो, ते वेगळे काढून गुणगुणताही येत नाही. पण आपण ज्याला चित्रपटाची आठवण म्हणतो, तिचा मोठा भाग याच निनावी सुरांनी बनलेला असतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. एखादा प्रसंग आठवून डोळे भरतात तेव्हा आपण श्रेय नटाला देतो. नटाचे श्रेय आहेच, पण त्याचा चेहरा दिसण्याच्या क्षणभर आधी आपल्या मनाची कवाडे कोणीतरी उघडून ठेवलेली असतात.

याचे सर्वांत थोर उदाहरण म्हणून मला सत्यजित राय यांचा १९५५ सालचा ‘पथेर पांचाली’ आठवतो. परगावाहून परतलेला हरिहर एकेक वस्तू दाखवत मुलीसाठी आणलेली साडी पुढे करतो, मुलगी गेल्याचे त्याला ठाऊक नसते, आणि ती साडी तोंडाशी धरून सर्वजया कोसळते. तिचा हंबरडा मात्र आपल्याला ऐकू येत नाही. राय यांनी तो आवाज काढून टाकला आणि त्या जागी तारशहनाई या गजाने वाजवायच्या तंतुवाद्याचे तार सप्तकातले स्वर ठेवले. पंडित रवी शंकर यांनी या चित्रपटाचे जवळजवळ सगळे संगीत एका बैठकीत ध्वनिमुद्रित केले होते. खरे रडणे ऐकू आले असते तर आपल्याला त्या बाईची दया आली असती. स्वर ऐकू येतात म्हणून ते दुःख तिच्यापुरते उरत नाही, ज्याच्या घरातून कोणी गेले आहे त्या प्रत्येकाचे ते होते. बंगालीचा एक शब्दही न समजणाऱ्या माझ्या आईने हा चित्रपट दूरदर्शनवर पाहिला होता. त्या प्रसंगानंतर ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. माझी धाकटी बहीण आमच्या घरातून गेली होती, त्याला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती.

मराठी चित्रपटाने या बाबतीत फार लवकर आणि फार धीटपणे विचार केला होता, हे आपण विसरत चाललो आहोत. १९३७ साली प्रभातच्या ‘कुंकू’मध्ये व्ही. शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे यांनी पार्श्वसंगीत वापरायचेच नाही असे ठरवले. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती आणि जिकडेतिकडे वाद्यांचा गजर होता, त्या काळात या चित्रपटात घरातल्या आणि रस्त्यावरच्या स्वाभाविक आवाजांवर भर दिला गेला. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातले भिंतीवरचे घड्याळ त्यामुळे एखाद्या पात्रासारखे ऐकू येते. पार्श्वसंगीत न देणे हाही संगीतकाराचाच निर्णय असतो आणि त्यालाही कान लागतो, हे भोळ्यांनी तेव्हाच दाखवून दिले.

हा धागा पुढे तुटला नाही. ‘श्वास’मध्ये पंडित रवी शंकर यांचेच शिष्य भास्कर चंदावरकर यांनी आजोबा आणि दृष्टी जाणार असलेला नातू यांच्यामध्ये सुरांची लुडबुड होऊ दिली नाही. जिथे दुसरा कोणी व्हायोलिनांचा ताफा उभा करून आपल्याला रडायला लावले असते, तिथे त्यांनी हात आखडता घेतला. ‘फँड्री’ला अलोकनंदा दासगुप्ता यांचे पार्श्वसंगीत आहे, पण त्यातला सर्वांत जीवघेणा क्षण शाळेतून ऐकू येणाऱ्या राष्ट्रगीताचा आहे. डुकरामागे धावणारे ते कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटून जाते. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, त्याच्या बातम्या सर्वत्र छापून आल्या आणि त्या छापल्या जाणे योग्यच होते. परंतु त्याच चित्रपटाच्या शेवटी, लहानग्याची रक्ताळलेली पावले उंबऱ्याबाहेर पडतात तेव्हा एकही आवाज नाही, याविषयी प्रेक्षक बाहेर पडताना बोलत होते तितके छापून आलेले मी वाचले नाही. मी ज्या थिएटरात होतो तिथे त्या शांततेत कोणीतरी हुंदका दिला, तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

आता वाजवणाऱ्यांविषयी. पूर्वी पार्श्वसंगीत ध्वनिमुद्रित होत असे तेव्हा वाद्यवृंदासमोर पडद्यावर रीळ चालवले जाई आणि चित्र पाहत, मात्रा मोजत, दार उघडण्याच्या किंवा मान वळण्याच्या नेमक्या क्षणी सर्वांना एकदम थांबावे किंवा उठावे लागे. एकाचा स्वर चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. यासाठी पाश्चात्त्य स्वरलेखन झरझर वाचणारी माणसे लागत आणि ती मुख्यतः गोव्यातून आली. पोर्तुगीज काळात तेथील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई, आणि त्या शाळांतून निघालेली मुले पुढे मुंबईच्या स्टुडिओंत पोचली. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली काही नावे. प्यारेलाल यांनी आपल्या या व्हायोलिनच्या गुरूचे नाव १९७७ साली एका गाण्यातून घरोघरी पोचवले, पण गाणाऱ्या लाखो लोकांना अँथनी गोन्साल्विस नावाचा माणूस खरोखर आहे, हे माहीत नव्हते. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत वादकांची नावे देण्याची पद्धतच नव्हती.

ही केवळ मानापमानाची बाब नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने गीतकार आणि संगीतकार यांना स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) वाटा मिळवून दिला आणि तिचे स्वागत झाले. परंतु त्याच दुरुस्तीत ‘कलावंत’ या शब्दाच्या व्याख्येला एक पुस्ती जोडली गेली. चित्रपटात ज्याचा सहभाग प्रासंगिक किंवा आनुषंगिक आहे आणि उद्योगाच्या नेहमीच्या प्रथेप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कुठेही दिले जात नाही, त्याला कलावंत मानू नये, आपल्या कामाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क मात्र त्याला असावा, असा तिचा आशय आहे. वादकाचे वादन आनुषंगिक ठरते की नाही याचा निवाडा जाणकारांनी करावा. पण नाव न देण्याच्या प्रथेला कायद्याच्या मजकुरात स्थान मिळाले आहे, हे माझ्यासारख्या सामान्य वाचकालाही दिसते, आणि म्हणून मला हे नाव छापण्याचे प्रकरण फार महत्त्वाचे वाटते.

दूरचित्रवाणीवरील मालिकांचेही थोडे सांगतो. ‘मालगुडी डेज’च्या सुरुवातीचे ते अर्थहीन अक्षरांचे गुणगुणणे ऐकले की आजही माझ्या पिढीतील माणूस हातातले काम थांबवतो. ते एल. वैद्यनाथन यांचे. १९८८ साली ‘भारत एक खोज’ सुरू झाली तेव्हा वनराज भाटिया यांनी ऋग्वेदातील नासदीय सूक्त समूहस्वरांत बांधले, आणि त्याचे हिंदी रूप मराठी नाटके हिंदीत नेणारे वसंत देव यांनी केले होते. सृष्टीच्या आधी काय होते, हा प्रश्न रविवारी सकाळी घराघरांत विचारला जात होता आणि पोहे खाणारी मुले तो ऐकत होती. ‘आभाळमाया’चे शीर्षकगीत अशोक पत्की यांनी बांधले आणि देवकी पंडित यांनी गायले. ते शेजारच्या खिडकीतून ऐकू आले की कुकरची शिटी मोजणारी गृहिणी गॅस बारीक करून बाहेर येई. आज शीर्षकगीत काही सेकंदांवर आले आहे, मोबाइलवर ते वगळण्याचे बटण पहिल्याच क्षणी समोर येते, आणि शेवटची श्रेयनामावली आक्रसून कोपऱ्यातल्या चौकटीत जाते व पुढचा भाग सुरू होतो. जी नावे मोठ्या प्रयासाने अलीकडे दिली जाऊ लागली आहेत, ती वाचण्याइतका वेळही आता मिळत नाही.

२००९ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत गाणी आणि पार्श्वसंगीत यांचा स्वतंत्र विचार झाला आणि पार्श्वसंगीताचा पुरस्कार इळैयराजा यांना ‘पळशी राजा’साठी मिळाला. शासनाने जो फरक ओळखला, तो आपल्या परीक्षणांतही दिसावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. परीक्षकांनी पार्श्वसंगीतकाराचे नाव गाण्यांच्या संगीतकारापासून वेगळे द्यावे. कोणत्या प्रसंगात कोणते वाद्य आले, कुठे ते नको होते, कुठे गप्प राहणे अधिक बोलके ठरले, एवढे दोन-तीन वाक्यांत सांगावे. प्रमुख वादकांची आणि ध्वनिसंमिश्रकाची नावे उपलब्ध असतील तर तीही छापावीत. शिवाय जुन्या वादकांपैकी जे मुंबई, पुणे आणि गोव्यात आज हयात आहेत, त्यांच्या मुलाखतींचे सदर आपण रविवारच्या पुरवणीत सुरू केलेत, तर त्यांनी जपून ठेवलेल्या स्वरलेखनाच्या वह्याही कदाचित उजेडात येतील. ही माणसे आता वयाच्या ऐंशीच्या घरात आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.

येत्या आठवड्याच्या परीक्षणात ‘साजेसे’ या शब्दाऐवजी एखाद्या वादकाचे नाव छापून आले, तर ते कात्रण मी माझ्या चुलतभावाला पाठवीन. पुसेगावच्या त्या रात्री त्याने विचारलेल्या प्रश्नाचे मी दिलेले उत्तर चुकीचे होते, हे मी अजून त्याला सांगितलेले नाही.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
कोरेगाव, जि. सातारा