नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या त्या मंडळींना थँक्यू
परवा मालेगावहून नालासोपाऱ्याला निघालो, कसारा घाट लांबच आणि पाथर्डी फाट्यालाच क्लच प्लेट गेली, रात्रीचे साडेदहा, सोबत आई. द्राक्षाचे क्रेट नेणाऱ्या पिकअपवाल्या दादांनी स्वतःहून थांबून गाडी टोचन करून गॅरेजला नेली, मिस्त्री झोपेतून उठून कामाला लागले, टपरीवाल्या मावशींनी आईला आत बसवून चहा पाजला, पैसे नाहीच घेतले. नावं विचारायची राहिली राव! सकाळी गाडी होईस्तोवर पांडवलेणी बघितली. तिथल्या 10 नंबरच्या लेण्यात उषवदाताचा (क्षत्रप राजा नहपानाचा जावई) शिलालेख आहे, जवळपास 1900 वर्षांपूर्वीचा, त्याने इथं गोवर्धनला आणि खाली सोपाऱ्यालाही (म्हणजे आताचं नालासोपारा) वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या म्हणे. म्हणजे आमचाच रूट की! दादा, मिस्त्री, मावशी, मनापासून आभार, पुढच्या खेपेला वसईची सुकेळी घेऊन येतो.